रक्ताचे वाळवण : साधलेले आणि न साधलेले

उन्हाळा हा आपल्याकडे वाळवणांचा हंगाम. पापड, कुरडया, सांडगे गच्चीवर पसरले जातात; कारण पाणी काढून घेतलेला पदार्थ वर्षभर टिकतो, हे शहाणपण घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नेमका हाच काळ मुंबई-पुण्यातील रक्तपेढ्यांसाठी मात्र टंचाईचा असतो. महाविद्यालये बंद, कार्यालयांतील नेहमीचे दाते सुटीवर गेलेले. शिबिरांची संख्या रोडावते आणि ‘अमुक गटाचे रक्त तातडीने हवे आहे’ असे निरोप मोबाइलवर फिरू लागतात. दिवाळीच्या सुटीतही थोड्याफार फरकाने हेच घडते. उलट एखाद्या जयंतीला किंवा नेत्याच्या वाढदिवशी ‘महारक्तदान’ शिबिरे भरतात, तेव्हा एकाच दिवशी इतके रक्त जमा होते की ते मुदतीत वापरले जाईल की नाही, याचीच चिंता पडावी. कधी ओसंडून वाहणारा साठा आणि कधी रिकामी शीतपेटी, या दोन टोकांमध्ये पूल बांधायचा तर रक्त अधिक काळ टिकवता आले पाहिजे. मग साहजिकच प्रश्न पडतो, रक्ताचेही वाळवण घालता येणार नाही का?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. पाऊण शतकाहून अधिक काळ शास्त्रज्ञ त्याचा पाठपुरावा करीत आहेत. ‘रक्ताची पूड लवकरच’ अशा आशयाच्या बातम्या दर काही वर्षांनी झळकतात आणि विरूनही जातात. त्यांत काही अंशी तथ्य असते, काही अंशी अतिउत्साह. रक्ताचा कोणता घटक वाळवणे साधले आहे, कोणता उंबरठ्यावर आहे आणि कोणता अजून हाती लागलेला नाही, हे वेगवेगळे पाहिल्याशिवाय या बातम्यांचा अर्थ लागत नाही आणि आपल्या आरोग्यव्यवस्थेने काय करावे, हेही ठरत नाही.

एक पिशवी, तीन मुदती

दात्याच्या दंडातून घेतलेले रक्त आता बहुधा आहे त्याच स्वरूपात रुग्णाला दिले जात नाही. त्याचे घटक वेगळे केले जातात आणि प्रत्येक घटकाची मुदत वेगळी असते. तांबड्या पेशी दोन ते सहा अंश सेल्सियस तापमानाला पोषक द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस वापरता येतात. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट्स मात्र थंडी सहन करीत नाहीत. तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरले की त्यांच्या पटलातील स्निग्ध द्रव्यांची रचना बदलते, पेशी जणू जखम झाल्यासारख्या उद्दीपित होतात आणि मग रुग्णाच्या शरीरात फार काळ टिकत नाहीत. म्हणून त्या वीस ते चोवीस अंशांवर, सतत हलत्या तबकात ठेवाव्या लागतात. या उबेत जिवाणूंची वाढ होण्याचा धोका असल्याने त्यांची मुदत अवघी पाच दिवसांची. उरलेले पिवळसर रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, उणे ३० अंशांखाली गोठवले तर वर्षभर टिकते. पण त्यासाठी अखंड वीज लागते आणि वापरण्यापूर्वी ते वितळवण्यात वेळ जातो.

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट्ससाठी नातेवाइकांची धावपळ होते, त्याचे मूळ या पाच दिवसांत आहे. दुर्गम तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसला की स्त्रीला जिल्ह्याच्या गावी हलवावे लागते, त्याचे मूळही बऱ्याच अंशी रक्ताच्या या नाजूक स्वभावातच आहे. जिथे शीतसाखळी नाही, तिथे रक्तही नाही.

आधी गोठवणे

पेशी टिकवण्याचा पहिला यशस्वी मार्ग वाळवण्याचा नव्हता, गोठवण्याचा होता आणि तो सापडला तो काहीशा अपघातानेच. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे शुक्राणू गोठवण्याचे प्रयोग करीत होते. साखरेचे म्हणून वापरलेल्या एका द्रावणात शुक्राणू चमत्कार वाटावा असे तगले. तपास करता बाटलीवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याचे आणि आत ग्लिसरीन असल्याचे निष्पन्न झाले. १९४९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ऑड्री स्मिथ यांनी ग्लिसरिनाच्या साहाय्याने तांबड्या पेशीही गोठवता येतात, हे दाखवून दिले. पुढे ‘गाया’ सिद्धान्तामुळे जगप्रसिद्ध झालेल्या जेम्स लव्हलॉक यांनी १९५३ मध्ये त्यामागचे एक महत्त्वाचे कारण उलगडले. गोठताना पाण्याचा बर्फ होतो आणि क्षार मात्र उरलेल्या थोड्या पाण्यात साचत जातात. हे तीव्र खारे पाणीच पेशींचा घात करते. ग्लिसरीन पाण्याला धरून ठेवते आणि क्षारांची ही तीव्रता वाढू देत नाही.

या पद्धतीने उणे ८० अंशांवर ठेवलेल्या तांबड्या पेशी दहा वर्षे वापरता येतात. नेदरलँड्सच्या लष्कराने अफगाणिस्तानात असा गोठवलेला साठा प्रत्यक्ष वापरला. ॲमस्टरडॅम येथील रक्तपेढीत दुर्मीळ गटांचे रक्त याच रीतीने जपून ठेवले जाते. परंतु गोठवलेली पिशवी काढली आणि लावली, असे होत नाही. पेशींतील ग्लिसरीन टप्प्याटप्प्याने धुऊन काढावे लागते. त्याला खास यंत्रसामग्री आणि तासाभराहून अधिक वेळ लागतो. जुन्या पद्धतीने धुतलेल्या पेशी २४ तासांत आणि नव्या बंदिस्त पद्धतीने धुतलेल्या १४ दिवसांत वापराव्या लागतात. म्हणजे साठवणुकीचा प्रश्न सुटतो, पण वाहतुकीचा आणि तातडीचा सुटत नाही. उणे ८० अंशांची शीतपेटी चालवणे ज्यांना परवडते, त्यांच्याकडे रक्ताची चणचण मुळातच कमी असते, ही यातली विसंगती.

पाणी उडवण्याची रीत

म्हणून संशोधकांचे लक्ष पाण्याकडे वळले. उष्णतेने वाळवावे तर प्रथिने शिजतात. त्यावर तोड म्हणजे शीतशुष्कीकरण, म्हणजे आधी गोठवणे आणि मग वाळवणे. कपाटातील डांबराची गोळी न वितळता उडून जाते, तसाच अतिशय कमी दाबाखाली बर्फही द्रवरूप न होता थेट वाफेत रूपांतरित होतो. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी दाब निर्माण केला की गोठलेल्या पदार्थातील बर्फ असा निघून जातो. त्यानंतर तापमान हळूहळू वाढवून रेणूंना चिकटून बसलेला ओलावाही काढला जातो. उरतो तो सच्छिद्र, हलका, कोरडा पदार्थ. झटपट कॉफीचे काही प्रकार याच रीतीने तयार होतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्ल फ्लॉसडॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी १९३५ मध्ये रक्तद्रव आणि तत्सम द्रव्ये वाळवण्याची ही रीत व्यवहारात आणली. दुसऱ्या महायुद्धात तिचा प्रचंड वापर झाला. अमेरिकी रेडक्रॉसने त्या काळात रक्ताच्या सव्वा कोटीहून अधिक पिशव्या गोळा केल्या आणि त्यातील बराचसा भाग वाळवलेल्या रक्तद्रवाच्या रूपाने आघाडीवर पोहोचला. एका बाटलीत पूड, दुसरीत शुद्ध पाणी. दोन्ही एकत्र करायचे की औषध तयार.

या यशाला एक काळी बाजू होती. अनेक दात्यांचे रक्तद्रव एकत्र करून पूड बनवली जात असे आणि त्यातील एकालाही कावीळ असली तरी विषाणू साऱ्या घाण्यात पसरत असे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. शीतशुष्कीकरणाने जंतू मरत नाहीत, उलट टिकतात. क्षयरोगावरील बीसीजी लस आणि गोवराची लस याच पद्धतीने जिवंत राखली जाते. जी रीत उपकारक जिवाणूला जपते, ती काविळीच्या विषाणूलाही जपते. या कारणाने अमेरिकेत १९६८ पर्यंत या पुडीचा वापर थांबला.

पुढे रक्तचाचण्या सुधारल्या आणि पूड परतली. जर्मन रेडक्रॉसने एकेका दात्याच्या रक्तद्रवाची स्वतंत्र पूड करण्यास सुरुवात केली. फ्रान्सच्या लष्करी रक्तकेंद्राने विषाणू निष्प्रभ करून दहापेक्षा अधिक दात्यांचे रक्तद्रव एकत्र न करण्याची मर्यादा पाळली. फ्रान्सची पूड साध्या तापमानाला दोन वर्षे टिकते, सहा मिनिटांच्या आत विरघळते आणि रुग्णाचा रक्तगट कोणताही असला तरी देता येते. इस्रायलच्या लष्कराने २०१३ पासून वाळवलेले रक्तद्रव रणांगणावर नेण्यास प्रारंभ केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आपल्या सैन्यासाठी फ्रेंच पुडीच्या आपत्कालीन वापरास संमती दिली. थोडक्यात, रक्तद्रवाचे वाळवण ही सिद्ध झालेली गोष्ट आहे.

पेशींचे दुखणे वेगळे

रक्तद्रव हे प्रथिनांचे द्रावण आहे; पेशी ही बांधलेली वास्तू आहे. तिच्या भिंती, म्हणजे स्निग्ध रेणूंचे दुहेरी पटल, पाण्याच्या आधाराने उभ्या असतात. पाणी निघून गेले की हे रेणू एकमेकांत दाटतात, पटलाला भेगा पडतात आणि पुन्हा पाणी घालताच आतील ऐवज बाहेर वाहून जातो.

निसर्गाने मात्र यावर उपाय काढलेला आहे. खमिराच्या पेशी, खाऱ्या पाण्यातील आर्टेमिया नावाच्या चिमुकल्या कोळंबीची अंडी, वाळून गोळा झाल्यावर पाण्याच्या स्पर्शाने पुन्हा हिरवी होणारी काही झाडे, हे सारे जवळजवळ निर्जल अवस्थेत वर्षानुवर्षे तग धरतात. यांतील अनेकांच्या अंगी वाळताना ट्रेहॅलोज नावाची साखर साठते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत जॉन क्रो आणि लोइस क्रो या दांपत्याने या साखरेचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिची किमया दुहेरी आहे. पाणी निघून जाताना ती पटलातील रेणूंशी पाण्याच्या जागी जाऊन बसते आणि त्यांना एकमेकांत दाटू देत नाही. शिवाय वाळताना तिचे स्फटिक न होता काचेसारखा घट्ट, स्थिर पदार्थ बनतो. त्या काचेत बंदिस्त झालेल्या रेणूंच्या हालचाली जणू थांबतात. साखरेच्या पाकात मुरलेला मोरावळा नासत नाही, हे आपल्या ओळखीचे. येथे साखर बाहेरूनच नव्हे, पेशीच्या आतूनही राखण करते. १९९० च्या दशकात जपानमध्ये स्टार्चपासून ट्रेहॅलोज स्वस्तात बनू लागले आणि प्रयोगांना वेग आला.

पण ही साखर पेशीच्या आत जाणार कशी? मानवी पेशींच्या पटलातून ती सहजासहजी शिरत नाही. प्लेटलेट्सच्या बाबतीत उत्तर सोपे निघाले. शरीराच्या तापमानाला त्या भोवतालचे द्रव घोटाघोटाने आत घेतात, त्याबरोबर साखरही जाते. २००१ मध्ये विलेम वोल्कर्स, फर्न टॅब्लिन आणि क्रो दांपत्याच्या गटाने अशा साखर भरलेल्या मानवी प्लेटलेट्स वाळवून पुन्हा भिजवल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य शाबूत राहिल्या आणि रक्त गोठवणाऱ्या द्रव्यांना प्रतिसादही देऊ लागल्या. त्याआधी १९९५ मध्ये दुसऱ्या एका गटाने प्लेटलेट्स रासायनिक द्रव्याने स्थिर करून वाळवण्याचा मार्ग दाखवला होता.

पुढील दोन दशकांत अमेरिकेत ट्रेहॅलोजवर आधारित वाळवलेल्या प्लेटलेट्सचे उत्पादन मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले. निरोगी स्वयंसेवकांनंतर रक्ताच्या कर्करोगामुळे प्लेटलेट्स घटलेल्या आणि रक्तस्राव होत असलेल्या मोजक्या रुग्णांवरील निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते उमेद वाढवणारे आहेत, पण ही सुरुवातीच्या टप्प्यातील छोटी चाचणी होती, हे विसरता येत नाही.

त्याहून महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे. ताज्या प्लेटलेट्स रुग्णाच्या रक्तात काही दिवस फिरत राहतात. वाळवून भिजवलेल्या प्लेटलेट्स फार थोडा वेळ टिकतात. वाहती जखम बुजवण्यास त्या उपयोगी ठरू शकतील. परंतु रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीच प्लेटलेट्स देऊन ठेवण्याची जी गरज कर्करोगाच्या रुग्णांना असते, ती या पुडीने भागणार नाही. डेंग्यूत केवळ आकडा घसरला म्हणून जी धावपळ होते, तिलाही हे उत्तर नव्हे. वाळवलेली प्लेटलेट ही ताज्या प्लेटलेटची जागा घेणारी पेशी नसून रक्तस्राव थांबवणारे एक औषध आहे, असे समजणे अधिक योग्य ठरेल.

तांबड्या पेशींपाशी गाडे अडते

सर्वाधिक मागणी असते ती तांबड्या पेशींना आणि गाडे अडले आहे तेही तेथेच. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, दुरुस्तीची यंत्रणा जवळजवळ नसते. ती म्हणजे हिमोग्लोबिनने काठोकाठ भरलेली लवचीक पिशवी. प्लेटलेटप्रमाणे ती भोवतालचे द्रव घोटाघोटाने गिळत नाही. तिच्यात साखर भरायची तर बाहेर साखरेचे तीव्र द्रावण ठेवून तासन्‌तास शरीराच्या तापमानाला ठेवावे लागते आणि त्या ताणाने काही पेशी तेथेच फुटतात. वाळताना हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि ते प्राणवायू वाहून नेण्यास निकामी ठरते. भिजवताना पाणी आत घुसते, तेव्हा उरल्यासुरल्या पेशींचीही कसोटी लागते.

येथे पेशी फुटणे ही किरकोळ नासाडी नव्हे. पेशीबाहेर सुटे झालेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेऊन त्या आकुंचित करते. म्हणूनच अमेरिकेत साठवलेल्या तांबड्या पेशींसाठी कसोटी कडक आहे. पिशवीत एक टक्क्याहून कमी पेशी फुटलेल्या असाव्यात आणि रक्त दिल्यानंतर २४ तासांनी सरासरी ७५ टक्के पेशी रुग्णाच्या शरीरात फिरत असाव्यात.

वाळवलेल्या पेशींबाबतचे दावे या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजेत. १९९२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी वाळवून भिजवलेल्या तांबड्या पेशींत चयापचयाच्या क्रिया शिल्लक राहतात, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. २००४-०५ च्या सुमारास डेव्हिस येथील गटाने ट्रेहॅलोज भरून वाळवलेल्या पेशींवर काम केले. हिमोग्लोबिन बऱ्यापैकी सुस्थितीत राहिले, पण फुटणाऱ्या पेशींचे प्रमाण एक टक्क्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट होते. इस्रायलमधील अमीर अराव आणि सहकाऱ्यांनी गोठण्याच्या क्रियेवरच लक्ष केंद्रित केले. बर्फाचे स्फटिक वेडेवाकडे न वाढता एका दिशेने वाढावेत, अशी व्यवस्था त्यांनी केली. या गटाने २००९ मध्ये नाळेतील रक्तापासून मिळवलेल्या पांढऱ्या पेशी ट्रेहॅलोज आणि हिरव्या चहातील एका ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यासह वाळवल्या, पुन्हा भिजवल्या आणि त्यांतील मूळ पेशींपासून नव्या वसाहती वाढल्याचे दाखवले. पुढे हीच रीत त्यांनी तांबड्या पेशींनाही लावून पाहिली.

प्रत्येक पाऊल मोलाचे आहे. पण इतक्या वर्षांनंतरही वाळवलेल्या मानवी तांबड्या पेशींची एकही पिशवी रुग्णालयाच्या नित्य वापरात आलेली नाही. याचे कारण ‘टिकणे’ या शब्दाच्या अर्थात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली आकार शाबूत दिसणे, हिमोग्लोबिन शिल्लक असणे, प्रयोगनळीत विकरे काम करणे या पायऱ्या झाल्या. खरी परीक्षा शरीरात होते. प्लीहेच्या चिंचोळ्या वाटांतून आपला आकार बदलत निसटता आले नाही, तर ती पेशी काही तासांत नष्ट केली जाते. ‘रक्ताची पूड’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचनात आली, तर वाचकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. रक्ताचा नेमका कोणता घटक वाळवला? किती टक्के पेशी फुटल्या? आणि माणसाच्या शरीरात २४ तासांनी किती उरल्या? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर ती प्रयोगशाळेची बातमी आहे, रुग्णालयाची नव्हे.

ही अडचण ओळखूनच काहींनी मूळ पेशीचा नादच सोडला आहे. मेरीलँड विद्यापीठातील ॲलन डॉक्टर यांचा गट हिमोग्लोबिन कृत्रिम स्निग्ध आवरणात बंद करून त्याची पूड बनवतो. या आणि संलग्न घटकांवरील कामासाठी अमेरिकेच्या संरक्षण संशोधन यंत्रणेने २०२३ मध्ये चार कोटी डॉलरहून अधिक निधी दिला. कल्पना आकर्षक आहे. परंतु कृत्रिम रक्ताचे याआधीचे अनेक प्रयत्न माणसांवरील चाचण्यांत अपयशी ठरले, हा इतिहासही समोर ठेवलेला बरा.

आपण काय टाकून देतो?

आता आपल्या अंगणात पाहू. माहितीच्या अधिकाराखाली २०१७ मध्ये उघड झालेल्या आकडेवारीनुसार देशातील रक्तपेढ्यांनी आधीच्या पाच वर्षांत रक्त आणि रक्तघटकांची २८ लाखांहून अधिक युनिट्स टाकून दिली. सर्वाधिक रक्त गोळा करणारा महाराष्ट्र वाया घालवण्यातही आघाडीवर होता. त्या तपशिलातील अधिक बोलकी बाब म्हणजे २०१६-१७ या वर्षात टाकून दिलेल्या साडेसहा लाखांवर युनिट्सपैकी सुमारे निम्मी रक्तद्रवाची होती. पाच दिवसांत संपणाऱ्या प्लेटलेट्स वाया जाव्यात, हे समजू शकते. पण ज्याची मुदत वर्षभराची, तेच एवढ्या प्रमाणात फेकले जावे?

त्याचे एक कारण मागणीत आहे. तांबड्या पेशींसाठी रक्त घेतले की रक्तद्रव आपोआप उरते आणि त्याची थेट गरज त्या मानाने कमी असते. अतिरिक्त रक्तद्रव औषधनिर्मितीसाठी वळवण्याचे धोरण २०१४ मध्ये आखले गेले, पण प्रत्येक छोट्या रक्तपेढीला ते जमतेच असे नाही. या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. एक, केवळ मुदत वाढवल्याने नासाडी थांबत नाही. हिशेब, वाटप आणि शिबिरांचे वेळापत्रक सुधारावे लागते. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा की, जो घटक वाळवण्याची विद्या जगाला साधली आहे, तोच आपण सर्वाधिक टाकून देत होतो.

वाळवलेल्या रक्तद्रवाचा खरोखर उपयोग होतो का, याबाबत पुरावा संमिश्र आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून आणल्या जाणाऱ्या ५०१ जखमींवरील चाचणीत, वाटेतच वितळवलेले रक्तद्रव दिलेल्यांमध्ये ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २३.२ टक्के, तर इतरांमध्ये ३३ टक्के आढळले. हे २०१८ मधील निष्कर्ष. त्याच वर्षी शहरी भागातील दुसऱ्या चाचणीत मात्र असा लाभ दिसला नाही. ब्रिटनमध्ये ४३२ जखमींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तांबड्या पेशींसोबत वाळवलेले रक्तद्रवच वापरले गेले. साध्या सलाइनपेक्षा ते सरस ठरले नाही. पहिल्या दोन चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण मात्र एक सूत्र हाती देते. रुग्णालयात पोहोचण्यास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल, तर रक्तद्रवाचा लाभ दिसून येतो.

हे सूत्र आपल्या दृष्टीने कळीचे आहे. दादर ते परळ या अंतरासाठी रक्तद्रवाची पूड लागणार नाही. पण गडचिरोलीतील भामरागडहून, मेळघाटातील धारणीहून किंवा नंदुरबारमधील अक्राणीहून निघालेल्या रुग्णवाहिकेचा प्रवास वीस मिनिटांचा नसतो, काही तासांचा असतो. पावसाळ्यात तर पूल पाण्याखाली जातात. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. देशाच्या ९७ या सरासरीच्या तुलनेत ते निश्चितच समाधानाचे. पण राज्याची सरासरी दुर्गम पाड्याची कहाणी सांगत नाही आणि रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आजही आहे. बाळंतिणीसाठी वाळवलेले रक्तद्रव कितपत उपकारक, हे जखमी सैनिकांच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. ते येथेच, रीतसर चाचणी घेऊन तपासावे लागेल. अशी चाचणी घेण्याजोगी परिस्थिती आणि गरज दोन्ही आपल्याकडे आहेत.

तंत्राचीही वानवा नाही. सर्पदंशावरील प्रतिविष हे याचे उत्तम उदाहरण. घोड्याच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे वेगळी काढून, शुद्ध करून त्यांची शीतशुष्क पूड बनवली जाते. मुंबईतील हाफकिनची परंपरा या कामात मोठी आहे. शीतपेटीचा भरवसा नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही कुपी ठेवता येते, म्हणूनच खेड्यापाड्यांत जीव वाचतात. पुण्यात तर गोवर आणि बीसीजीच्या वाळवलेल्या लशी जगभरासाठी तयार होतात. ज्या राज्यात घोड्याच्या रक्तद्रवाची पूड करण्याचे कसब आहे, तेथे माणसाच्या रक्तद्रवाची पूड हा काही अशक्य कोटीतला विषय नव्हे. अर्थात दात्यांची कसून तपासणी, विषाणू निष्प्रभ करण्याची सोय आणि कठोर नियमन यांवाचून हे पाऊल टाकणे म्हणजे महायुद्धानंतरच्या काविळीची पुनरावृत्ती करणे होय.

तांबड्या पेशींच्या संशोधनाकडेही पाठ फिरवता कामा नये. त्यात आपला एक खास हितसंबंध आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक आगळा रक्तगट शोधून काढला. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो आणि अशा व्यक्तीला केवळ त्याच गटाचे रक्त चालते. ओ गटाचेसुद्धा नाही. परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेने दुर्मीळ दात्यांची नोंदवही तयार केली आहे. तरीही ऐनवेळी दाता शोधायचा, त्याला गाठायचे, रक्त दुसऱ्या शहरात पोहोचवायचे, ही यातायात ४२ दिवसांच्या मुदतीमुळेच करावी लागते. या थोड्या रुग्णांसाठी आज गोठवलेला साठा आणि उद्या, साधल्यास, वाळवलेला साठा हेच खरे उत्तर आहे.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. पूड झाली तरी ती दात्याच्याच रक्ताची असेल. कोणतेही यंत्र रक्त निर्माण करणार नाही. दिलेले रक्त वाया जाऊ नये, एवढेच ते पाहील. उन्हाळ्यात रक्तदान करणाऱ्याची गरज त्यामुळे कमी होणार नाही आणि रक्तपेढीच्या व्यवस्थापकाची जबाबदारीही हलकी होणार नाही.

तांबड्या पेशींचे वाळवण साधेल तेव्हा साधेल. त्यासाठी अजून किती वर्षे लागतील, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण रक्तद्रवाचे वाळवण साधून तर आठ दशके उलटली. जे साधलेले नाही त्याच्या बातम्यांची वाट पाहत बसायचे आणि जे साधलेले आहे ते नाल्यात ओतायचे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. दात्याने विश्वासाने दिलेल्या पिशवीतील निम्मा भाग कचऱ्यात जाऊ न देणे, ही त्या हिशेबाची पहिली ओळ असली पाहिजे.